किरणांचें देणें

भुसावळच्या स्टेशनावर रात्रीं दहा-अकराच्या सुमारास नागपुराकडून येणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहत जो कोणी उभा राहिला असेल, त्याच्या दृष्टीस एक विशेष प्रकारचा उतारू वारंवार पडला असेल. त्याच्यापाशीं सामान बेताचेंच असतें. एक पिशवी, पाण्याची बाटली, भाकरीचें गांठोडें, आणि काखेंत जपून धरलेलें एक भलें मोठें चपटें पाकीट. त्या पाकिटांत शरीराच्या आंतील भागांच्या फिल्मा असतात. बरोबर बहुधा एक मूल असतें. त्याचे केस गळालेले असतात, तोंडावर पट्टी असते, आणि फलाटावरच्या गर्दींत तें आईच्या पदराशीं विलक्षण शांतपणें बसलेलें असतें. खानदेशचा कापूस मुंबईस पोंचविणाऱ्या जुन्या रुळांवरून हीं मंडळी साडेचारशें किलोमीटर प्रवास करून सकाळीं दादरला उतरतात आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात.

रेल्वेनें या उतारूंसाठीं एक चांगली सोय ठेविली आहे. कर्करोगाचा रुग्ण उपचारासाठीं अथवा ठराविक मुदतीच्या तपासणीसाठीं जात असेल, तर शयनयानाच्या वर्गांत त्याचें भाडें माफ असतें आणि सोबत्यासही मोठी सूट मिळते. या नियमांतील ‘ठराविक मुदतीची तपासणी’ हे शब्द आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांच्याच मागचा इतिहास आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. कारण जाणारीं मुलें सर्वांस दिसतात; बरीं होऊन परत आलेलीं मुलें मात्र कोणाच्याच लक्षांत राहत नाहींत. त्यांचे केस पुन्हां उगवतात, तीं शाळेंत जाऊं लागतात, आणि चार-दोन वर्षांत शेजारीपाजारीही तें दुखणें विसरून जातात. घरच्या माणसांस तर तें विसरावयाचेंच असतें.

आमच्या शेजारीं रेल्वेंत फिटरची नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. गल्लींत लहानथोर सगळे त्यांस अण्णा म्हणतात. सन १९९४ मध्यें त्यांच्या मुलीच्या मानेंत गांठी आल्या. तेव्हां ती नऊ वर्षांची होती. प्रथम त्या गांठी क्षयाच्या समजल्या गेल्या. पुढें मुंबईस निदान झालें कीं हा हॉजकिनचा रोग, म्हणजे रसग्रंथींचा कर्करोग आहे. सलाइनींतून औषधें झालीं, आणि शेवटीं मानेला शेक देण्यांत आला. आमच्या भागांतले लोक किरणोपचारास ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. शब्द घरगुती आहे, पण त्यामुळें एक घोटाळा होतो. शेक म्हटलें कीं विटेच्या तुकड्याचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक डोळ्यांपुढें येतो. ऊब लागली, दुखणें गेलें, वीट निवाली, संपलें! या शेकाचें तसें नसतें.

मुलगी बरी झाली, पदवीपर्यंत शिकली, तिचें लग्न ठरलें. तेव्हां आजीनें एक गोष्ट केली. ट्रंकेंतले ते सर्व कागद, ती फाइल, त्या फिल्मा तिनें एका फडक्यांत बांधल्या आणि तापीच्या पात्रांत सोडून दिल्या. दुखणें गेलें, आतां त्याची आठवणही घरांत नको, असें तिचें म्हणणें होतें. सासरीं कोणी कांहीं विचारलें नाहीं आणि माहेरीं कोणी कांहीं सांगितलें नाहीं. पुढें कांहीं वर्षांपूर्वीं घरच्याच एका लग्नांत ती ठुशी घालूं लागली, तर ती गळ्यावर नीट बसेना. ठुशी हा गळ्याशीं चिकटून बसणारा दागिना. त्यानें जें दाखविलें तें आरशानें दाखविलें नव्हतें. कंठाच्या उजव्या अंगास एक लहानशी, टणक गांठ होती. ज्या डॉक्टरांकडे ती गेली त्यांनीं गांठ चाचपली आणि पहिलाच प्रश्न केला, “ताई, लहानपणीं मानेला शेक दिला होता का?” ती अण्णांकडे पाहूं लागली आणि अण्णा जमिनीकडे.

त्या डॉक्टरांस हा प्रश्न सुचावा यासाठीं जगांतील अनेक मुलांस किंमत द्यावी लागली आहे.

अवटु ग्रंथि, जिला सर्वत्र थायरॉइड म्हणतात, ती श्वासनलिकेच्या पुढें, कंठमण्याच्या खालीं, फुलपांखरानें पंख पसरावे तशी दोहों बाजूंस पसरलेली असते. मोठ्या माणसांत तिचें वजन पंधरा-वीस ग्रॅम भरतें. रक्तांतील आयोडीन शोषून घेऊन ती जो रस तयार करिते त्यावर शरीराची ऊब, नाडीची गति आणि मुलांची वाढ अवलंबून असते. ग्रंथि म्हणून तिची ओळख आपल्या पूर्वजांस नव्हती, तरी तिची सूज त्यांस चांगली ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचें वर्णन एकाच अध्यायांत आहे. अर्बुद आणि गलगंड हे शब्द असे शेजारीं शेजारीं आलेले पाहून त्यांत भविष्यज्ञान शोधण्याचा मोह कित्येकांस होईल. आम्हांस तो होत नाहीं. गांठींचे विकार जुन्या आचार्यांनीं एके ठिकाणीं गोळा केले, इतकाच त्याचा अर्थ.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला, आणि वर्षभराच्या आंतच डॉक्टर मंडळी त्यांचा उपचारासाठीं उपयोग करूं लागली. नवें अस्त्र हातीं आलें कीं शत्रु शोधावा लागतो. पाश्चात्य देशांत त्या काळीं पाळण्यांत निजलेलें धडधाकट अर्भक एकाएकीं दगावलें म्हणजे त्याचें खापर छातींतील थायमस नांवाच्या ग्रंथीवर फोडीत असत. ही ग्रंथि फुगून श्वासनलिका दाबते, अशी समजूत होती. या समजुतीचें मूळ शोधूं गेल्यास मोठें विचित्र आढळतें. शरीरशास्त्राच्या शाळांत चिरफाडीसाठीं येणारीं प्रेतें बहुतेक दरिद्री लोकांचीं असत. उपासमारीनें व दीर्घ आजारानें थायमस आक्रसते. म्हणून आक्रसलेली ग्रंथि हीच स्वाभाविक, असा ग्रह झाला. पुढें चांगल्या पोसलेल्या, अकस्मात् वारलेल्या मुलाचें शरीर तपासलें जाई तेव्हां त्याची निरोगी ग्रंथि डॉक्टरांस अवाढव्य वाटे. गरिबांच्या प्रेतांवरून बांधलेला नियम अशा रीतीनें जिवंत मुलांस लागू झाला. १९०७ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं फ्रीडलँडर या डॉक्टरांनीं एका मुलाची थायमस क्ष-किरणांनीं लहान करून दाखविली, आणि पुढें चार दशकें अमेरिकेंत हजारों अर्भकांच्या छातीवर असे किरण सोडण्यांत आले. कित्येकांस कांहींच झालेलें नव्हतें. पुढें कांहीं होऊं नये म्हणून हा बंदोबस्त! थायमसच्या वर दोन बोटांवर अवटु ग्रंथि असते, हें कोणी मनावर घेतलें नाहीं.

१९५० सालीं न्यूयॉर्क येथील डफी व फिट्झगेराल्ड या दोघांनीं अवटु ग्रंथीचा कर्करोग झालेल्या २८ मुलांचे कागद तपासले. मुलांत हा रोग अगदीं विरळा. मग या मुलांतच तो कां, असा प्रश्न त्यांनीं केला, आणि त्यांस आढळलें कीं सुमारें एकतृतीयांश मुलांच्या छातीवर तान्हेपणीं थायमससाठीं किरण सोडण्यांत आले होते. त्यानंतर इतर ठिकाणचे कागद बाहेर निघूं लागले. इस्रायलांत १९४८ ते १९६० या काळांत बाहेरदेशांहून आलेल्या हजारों मुलांच्या डोक्यांवर खवड्यासाठीं किरणांचा उपचार झाला होता. १९७४ सालीं मोदान यांनीं दाखविलें कीं डोक्यावरून निसटून गळ्यावर पडलेली अत्यल्प मात्राही त्यांतील कांहींना भोंवली. हिरोशिमा व नागासाकी येथें १९४५ सालीं जीं मुलें होतीं त्यांच्यांतही प्रौढपणीं हाच रोग वाढलेला दिसला. २६ एप्रिल १९८६ रोजीं चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तेथील किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलें, गवतांतून गाईच्या दुधांत आलें, आणि दुधांतून मुलांच्या गळ्यांत गेलें. १९९१ ते २००५ या काळांत त्या प्रदेशांतील, अपघाताच्या वेळीं लहान असलेल्या लोकांत या रोगाचे ६,८०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. ते सर्वच त्या आयोडीनमुळें झाले असें नव्हे; तथापि मोठा वांटा त्याचाच होता. त्यांपैकीं २००५ पर्यंत १५ दगावले. हा दुसरा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

या सर्व कथांत शिकागोची कथा आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. तेथील मायकेल रीझ रुग्णालयांत १९३९ ते १९६२ या काळांत टॉन्सिलच्या वाढीसारख्या क्षुल्लक तक्रारींसाठीं पांच हजारांवर मुलांस किरण देण्यांत आले होते. धोका लक्षांत आल्यावर १९७४ सालीं त्या रुग्णालयानें आपल्या जुन्या वह्या बाहेर काढल्या आणि आतां तिशी-चाळिशीला पोंचलेल्या त्या माणसांचे पत्ते शोधून त्यांस तपासणीस बोलाविलें. एखाद्या संस्थेनें आपणच केलेल्या उपचाराचा वाईट परिणाम आपण होऊन रुग्णास कळवावा, ही गोष्ट साधी नाहीं. त्या प्रसंगीं त्या रुग्णालयापाशीं सर्वांत मोलाची वस्तु कोणती होती? यंत्र नव्हे, औषध नव्हे, नांवनिशी वही. ज्यांचें नांव वहींत होतें त्यांसच पत्र गेलें.

येथपर्यंतचीं मुलें एका अर्थानें फुकट भाजलीं गेलीं. थायमस, टॉन्सिल, खवडे यांपैकीं कशासाठींही किरणांची गरज नव्हती. परंतु ज्यांस खरोखरच कर्करोग होता त्यांची गोष्ट निराळी. १९४८ पूर्वीं रक्ताच्या कर्करोगाचें मूल थोड्या महिन्यांत जात असे. त्या वर्षीं बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनीं ज्या औषधानें अशीं मुलें कांहीं काळ सांवरलेलीं दाखविलीं, तें औषध आपल्या आंध्रांतील येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेंतून आलें होतें. पुढें अनेक औषधें एकत्र देण्याची रीत निघाली. आणि रोग मेंदूंत दडून बसतो म्हणून डोक्यावर, हॉजकिनच्या रोगांत मानेवर व छातीवर, मेंदूच्या कांहीं गांठींत सबंध पाठीच्या कण्यावर किरण देण्याची पद्धति रूढ झाली. या पद्धतीनें जीं मुलें वांचलीं तीं पूर्वीं वांचतच नसत. म्हणून त्या डॉक्टरांस दोष देणाऱ्यांत आम्ही नाहीं. बुडणाऱ्यास केस धरून वर काढतांना चार केस तुटले तर तक्रार कोण करील? मात्र किनाऱ्यावर आल्यावर त्याचें डोकें पाहावें, एवढें मागणें रास्त आहे.

आपल्याकडे हें काम परळास झालें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी गेले. त्यांच्या मागें ठेविलेल्या धनांतून उभें राहिलेलें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. १९६२ सालीं तें अणुशक्ति खात्याकडे गेलें. रुग्णालय आणि अणुभट्टी एका खात्याखालीं असावीं हें प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटतें. पण त्यांत एक सोय होती. तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांत किरणोत्सारी आयोडीन तयार होऊं लागलें, आणि १९६३ सालीं टाटा रुग्णालयालगतच स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें अवटु ग्रंथीच्या रोग्यांस तेंच आयोडीन औषध म्हणून दिलें जाऊं लागलें. चेर्नोबिलच्या मुलांचा ज्यानें घात केला तोच पदार्थ, योग्य मात्रेनें, शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या कर्कपेशी शोधून मारतो. कारण ती ग्रंथि आयोडीन दिसलें कीं गिळतेच, मग तें कोणत्याही हातून येवो.

बऱ्या झालेल्या मुलांचा निराळा विचार मात्र १९९१ पर्यंत झाला नव्हता. त्या वर्षीं टाटा रुग्णालयाच्या बालविभागांत डॉ. पूर्णा कुरकुरे यांनीं उपचार संपलेल्या मुलांसाठीं स्वतंत्र चिकित्सालय सुरू केलें. त्यास ‘ॲक्ट क्लिनिक’ म्हणतात. ‘आफ्टर कंप्लीशन ऑफ थेरपी’ या शब्दांचीं तीं आद्याक्षरें. रोग परतला काय, एवढेंच तेथें पाहत नाहींत. मुलाची उंची वाढते काय, त्याचें हृदय औषधांनीं दुबळें झालें काय, तें शाळेंत मागें पडतें काय, आणि ज्याच्या मानेवर किरण पडले त्याचा गळा कसा आहे, हेंही पाहतात. पुढें २००९ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाखालीं अशाच बऱ्या झालेल्या तरुणांनीं ‘उगम’ नांवाचा आपला संघ काढला. आपण कर्करोगांतून उठलों हें चारचौघांत स्वतःच्या तोंडानें सांगणारी ही आपल्याकडील पहिल्या पिढींतील माणसें होत. मुंबईंत हें जमलें. भुसावळच्या गल्लींत तें किती अवघड आहे हें अण्णांच्या घरच्या फडक्यावरून दिसतेंच.

आतां त्या शेकाच्या हिशेबाकडे वळूं. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापानें मोजतात. सामान्य बुद्धीस वाटेल कीं मात्रा जितकी अधिक तितका धोका अधिक. वस्तुतः तसें नाहीं. अमेरिकेंत १९७० ते १९८६ या काळांत बालपणीं कर्करोग होऊन निदानानंतर पांच वर्षें जगलेल्या चौदा हजारांवर लोकांचा मागोवा ठेवण्यांत आला. त्यावरून २००५ सालीं सिगर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं अवटु ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वीस ते तीस ग्रेच्या सुमारास सर्वांत अधिक असतो आणि त्यापुढें तो उतरूं लागतो. कारण असें कीं फार मोठ्या मात्रेनें ग्रंथींतील पेशी मरूनच जातात. मधल्या मात्रेनें त्या मरत नाहींत, बिघडतात, आणि बिघडलेलीच पेशी पुढें वाढते. किरण घेतांना मूल जितकें लहान तितका धोका मोठा, आणि मुलग्यांपेक्षां मुलींस हा रोग अधिक. तो पांच वर्षांतही डोकावतो आणि चाळीस वर्षांनींही. परंतु भय वाढवून सांगणें हेंही पापच आहे, म्हणून हेंही नमूद करितों कीं त्या चौदा हजारांवर लोकांत तोंवर हा रोग आढळला तो ६९ जणांस. शिवाय मानेला शेक घेतलेल्यांत कर्करोगापेक्षां कितीतरी अधिक वेळां दुसरीच गोष्ट घडते: ग्रंथि मंदावते. अंगांत जडपणा येतो, थंडी सोसवत नाहीं, केस झडतात, मन उदास होतें, आणि घरचे म्हणतात कीं सून आळशी आहे. रक्ताच्या एका तपासणीनें हें कळतें आणि रोजच्या एका गोळीनें निभतें.

तर मग प्रत्येकाच्या गळ्यावर सोनोग्राफीचें यंत्र लावावें, म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. हा प्रयोग जगानें करून पाहिला आहे. दक्षिण कोरियांत दुसऱ्या कर्करोगांच्या तपासणीबरोबर थोड्या पैशांत गळ्याचीही सोनोग्राफी करून देऊं लागले. परिणाम असा झाला कीं २०११ सालीं अवटु ग्रंथीच्या कर्करोगाचीं निदानें १९९३ च्या पंधरापट झालीं. या रोगाच्या मृत्यूंत मात्र कांहींच फरक पडला नाहीं. सामान्य माणसांच्या गळ्यांत निरुपद्रवी बारीक गांठी पुष्कळ असतात, आणि कांहीं बारीक कर्करोगही असे असतात कीं ते जन्मभर जागचे हलत नाहींत. यंत्रास ते दिसले. दिसले म्हणून कापले गेले. आणि कापतांना कोणाचा आवाज बसला, कोणाच्या रक्तांतील चुना उतरून हातापायांस पेटके येऊं लागले. जपानांत मार्च २०११ मधील फुकुशिमाच्या अपघातानंतर तीन लाखांवर मुलांचे गळे सोनोग्राफीनें पाहिले गेले. पहिल्याच फेरींत शंभरांहून अधिक कर्करोग वा त्याचे संशय निघाले, आणि ते अपघाताचे कीं नुसत्या पाहण्याचे, यावर वाद माजला. बहुतेक तज्ज्ञांचा कल ‘पाहण्याचे’ या बाजूस आहे. चेर्नोबिलचा तो पंधराचा आंकडा येथें आठवावा. हा रोग बहुधा सौम्य असतो. थोडा उशिरा सांपडला तरी बहुतेक रोगी बरे होतात. म्हणून लवकर शोधण्यानें होणारा लाभ मोठा कीं शोधाशोधीचा जाच मोठा, हा प्रश्न खरोखरच बिकट आहे.

२०१८ सालीं अनेक देशांच्या तज्ज्ञांनीं मिळून या प्रश्नावर एक मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत आम्हांस आवडलेली गोष्ट ही कीं त्यांनीं आपली द्विधा लपविली नाहीं. ज्यांच्या अवटु ग्रंथीवर बालपणीं किरण पडले त्यांस धोक्याची व तपासणीच्या बऱ्यावाईट परिणामांची माहिती द्यावी; तपासणी करावयाची कीं नाहीं हें डॉक्टर व ती व्यक्ति यांनीं मिळून ठरवावें; करावयाची झाल्यास किरणोपचारानंतर पांच वर्षांनीं प्रारंभ करावा; दर एक-दोन वर्षांनीं हातानें गळा चाचपावा, किंवा दर तीन ते पांच वर्षांनीं सोनोग्राफी करावी. या दोहोंतील अमुकच उत्तम, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. हात लहान गांठ चुकतो. यंत्र नको ती गांठ दाखवितें. दोहोंचे दोष आपापले.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर भुसावळसारख्या गांवीं प्रारंभ हातापासून व्हावा. त्यास खर्च नाहीं आणि मुंबईची फेरी नाहीं. डॉक्टर रोग्याच्या पाठीमागें उभा राहतो, दोहों हातांचीं बोटें कंठाच्या दोहों अंगांस ठेवितो, आणि रोग्यास पाण्याचा घोट घ्यावयास सांगतो. घोटाबरोबर अवटु ग्रंथि वर सरकते आणि पुन्हां खालीं येते. तिच्यांत गांठ असेल तर तीही बोटांखालून सरकते. दोन मिनिटांचें काम. शंका आली तर सोनोग्राफी, तिच्यांतही शंका राहिली तर बारीक सुईनें पेशींची तपासणी. यंत्र जळगांवीं आहे, भुसावळांतही आहे. परंतु कोणाचा गळा पाहावयाचा हें यंत्रास ठाऊक नसतें. तें एका कागदास ठाऊक असतें. रोगाचें नांव, वय, दिलेलीं औषधें, किरण शरीराच्या कोणत्या भागावर पडले, किती ग्रे, कोणत्या सालीं, एवढें त्या कागदावर असलें म्हणजे पुरे. उपचार संपतांना हा कागद प्रत्येक मुलाच्या पालकांच्या हातीं पडावा आणि त्यांनीं तो जमिनीच्या उताऱ्यासारखा जपावा, असें आम्हांस मनापासून वाटतें. लग्नाच्या बाजारांत तो कागद आड येतो, हें आम्ही जाणतों. मुलीच्या बाबतींत तर तो अधिकच आड येतो, आणि धोकाही मुलीसच अधिक! या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा याचें उत्तर डॉक्टरांपाशीं नाहीं. तें सोयरीक जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडेच मागितलें पाहिजे. आणि त्या बाबतींत आपला इतिहास फारसा अभिमानास्पद नाहीं.

अण्णांच्या मुलीचें पुढें असें झालें. सुईच्या तपासणींत कर्करोग निघाला. पॅपिलरी म्हणून जो सौम्य प्रकार असतो तो. शस्त्रक्रिया झाली. महिनाभर तिचा आवाज घोगरा होता; मग तो सुटला. आतां ती रोज पहांटे उपाशीपोटीं एक गोळी घेते आणि अर्ध्या तासानें चहा पिते. या अर्ध्या तासाची तिची कुरकुर मात्र अजून संपलेली नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांनीं जुना हिशेब मागितला. घरीं कांहीं नव्हतें. तापीनें परत काय द्यावें? अण्णांस उपचाराचें साल आठवत होतें, आणि मुलीचें त्या वेळचें नांव. तेवढ्यावर त्यांनीं मुंबईच्या त्या रुग्णालयास पत्र लिहिलें. कांहीं आठवड्यांनीं उत्तर आलें. फाइल तेथें जपलेली होती. तिच्यांतील सारांशाची प्रत त्यांनीं पाठविली. तींत मानेवरील किरणांची मात्रा लिहिली होती: २५ ग्रे.

आजी आतां नाहीं. तिला कोणी दोष देत नाहीं, आणि देऊंही नये. नऊ वर्षांच्या नातीच्या उशाशीं महिनोन् महिने तीच बसली होती. तो नवा कागद मुलीनें प्लास्टिकच्या पिशवींत घालून कपाटांत ठेविला आहे, आणि सासूबाईंनीं तो वाचून पाहिला आहे.

गेल्या महिन्यांत तिची मुंबईची तारीख होती. सवलतीच्या तिकिटासाठीं अण्णा तिच्याबरोबर स्टेशनावर गेले. आम्हीही सहज बरोबर होतों. खिडकींतल्या बाबूंनीं तिच्याकडे पाहिलें. चांगली धडधाकट बाई. त्यांनीं विचारलें, “पेशंट कोण? उपचार चालू आहे का?”

“मीच,” ती म्हणाली. “उपचार नाहीं, तपासणी आहे.” आणि तिनें फॉर्म खिडकींतून आंत सरकविला.